जाड टाचेची अक्षरं आणि असीरगडाचा फलक

"फाँट जरा दमदार टाका." फलक, टी-शर्ट किंवा पुस्तकाचं मुखपृष्ठ करून घ्यायला आलेला माणूस पहिलं वाक्य बोलतो ते हे. दमदार म्हणजे नेमकं काय, ते त्याला सांगता येत नाही. पण पडद्यावर दहा नमुने दाखवले की त्याचं बोट बहुधा एकाच जातीवर येऊन थांबतं : जाडजूड, चौकोनी अंगाचं, पाय रोवून उभं असलेलं अक्षर. या जातीला धंद्यात स्लॅब सेरिफ म्हणतात.

माझ्याकडे खानदेशातल्या भटक्या मंडळींचा एक गट असंच वाक्य घेऊन आला. त्यांची असीरगडाची एक दिवसाची सहल होती. भुसावळहून रेल्वेनं बुऱ्हाणपूर आणि तिथून खंडव्याच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर किल्ला. त्यांना एक फलक, टी-शर्ट आणि पायथ्याशी फोटोसाठी धरायला एक कापडी पट्टा हवा होता. मजकूर अगदी थोडका : किल्ले असीरगड, खाली बुऱ्हाणपूर, त्याखाली इंग्रजीत नाव, मग तारीख आणि वेळ. एवढ्याशा कामात मी एक मोठी चूक केली आणि दोन-तीन चुका थोडक्यात टळल्या. तुम्ही गणेश मंडळाचा फलक करा, दुकानाची पाटी करा, नाहीतर दिवाळी अंकाचा मथळा. जाड अक्षर हाती घेतलंत की अडणार इथेच.

स्लॅब म्हटल्यावर आपल्याला आधी घर आठवतं. स्लॅब पडला की घर झालं, असं आपण धरून चालतो आणि त्या दिवशी गवंड्यांना गोडाचं जेवण देतो. अक्षरातला स्लॅबही तसाच असतो, जाड, सपाट आणि कडा ताठ. रोमन अक्षराच्या उभ्या दांड्याच्या टोकाला जी आडवी टाच असते ती सेरिफ. पुस्तकी अक्षरात ही टाच बारीक आणि निमुळती असते. स्लॅबमध्ये ती दांड्याइतकीच, कधी दांड्याहूनही जाड असते. इंग्रजी मोठा 'आय' या जातीत कसा दिसतो ते पाहायचं असेल तर बांधकामावर पडलेल्या लोखंडी गर्डरचं कापलेलं तोंड पाहा. हुबेहूब तोच आकार.

ही जात लंडनमध्ये जन्मली, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तोवर छापील अक्षर हातात धरून वाचायचं असे. आता लॉटऱ्या, नाटकं, घोडागाड्यांच्या फेऱ्या आणि औषधं यांच्या जाहिराती भिंतींवर लागू लागल्या. रस्त्यानं जाणाऱ्याला चालता चालता वाचता येईल असं अक्षर हवं झालं. व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्यानं १८१७च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात असा टाइप दाखवला आणि त्याला 'अँटिक' म्हटलं. रॉबर्ट थॉर्नच्या तशाच टाइपाला 'इजिप्शियन' हे नाव मिळालं. नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं, तेव्हा काहीही नवं आणि अवजड दिसलं की ते इजिप्तचं ठरायचं. अक्षराचा पिरॅमिडशी संबंध इतकाच. पुढे १८४५ साली रॉबर्ट बेझलीनं 'क्लॅरेंडन' काढला, त्या काळच्या नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी केली आणि तीन वर्षांचं संरक्षण मिळवलं. मुदत संपल्यावर इतर ओतकामवाल्यांनी त्याच्या भराभर नकला केल्या.

जाता जाता एक गंमत. शिंद्यांचे किल्लेदार जसवंतराव लाड असीरगडावर कंपनीच्या तोफांना तोंड देत होते ते मार्च-एप्रिल १८१९ मध्ये. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातला हा शेवटचा मोठा वेढा, आणि लंडनच्या भिंतींवर ही अक्षरं तेव्हा नवीकोरी होती. दोन गोष्टींत कार्यकारण काही नाही. पण गडाच्या फलकावर हे अक्षर बसवताना ही जुळणी मला आवडली, आणि आवडीनं निवडलेल्या अक्षरावर माणूस जास्त मेहनत घेतो.

स्लॅबच्या पोटजाती ओळखता आल्या की निवड निम्मी झाली. रॉकवेल (१९३४) आणि मेम्फिस (१९२९) यांच्या टाचा दांड्याला काटकोनात भिडतात. ही अक्षरं कंपास-पट्टीनं काढल्यासारखी, यंत्राच्या घराण्यातली. क्लॅरेंडनच्या टाचा दांड्याला हलक्या गोलाईनं मिळतात आणि तेवढ्यानंच चेहरा माणसाळतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरच्या पाट्यांना अनेक वर्षं क्लॅरेंडन वापरत, ते मला त्यामुळेच पटतं. डोंगर, झाडी, जुने दगड यांच्या सोबतीला तो परका वाटत नाही. तिसरी जात सर्कशीची आणि 'वाँटेड'च्या फलकांची. तिच्यात टाच दांड्याहून जाड असते आणि अक्षर डोक्यापायाशी फुगलेलं दिसतं. ती विनोदाला, जत्रेला, चहाच्या ठेल्याला चालते. गडाला लावलीत तर गडावर सर्कस आल्यासारखी वाटेल. चौथी टंकलेखन यंत्राची. तिथे टाच शोभेसाठी नसून गरजेपोटी आली, कारण बारीक 'आय' आणि रुंद 'एम' या दोघांना सारखीच जागा मिळते आणि 'आय'ची उरलेली जागा टाचांनी भरावी लागते.

या अक्षराचा स्वभाव मी पहिलवानाचा मानतो. आखाड्यातला नव्हे, लग्नाच्या मांडवात दाराशी उभा असलेला. तो ओरडत नाही, कुणाला ढकलत नाही, पण तो आहे हे सगळ्यांना कळतं. म्हणून एक-दोन शब्दांचा मथळा, पुस्तकाचं नाव, टी-शर्टवरचा गडाचा उल्लेख, खेळाडूच्या पाठीवरचा आकडा, पोत्यावरचा किंवा खोक्यावरचा छाप ही त्याची कामं. आकडे तर या जातीत फार सुरेख उतरतात. सहलीची तारीख मोठ्या स्लॅब आकड्यात लावा, फलकाला वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही. मजकूर सात-आठ शब्दांच्या पुढे गेला की मात्र हाच पहिलवान जड होतो. सूचना, नियम, जेवणाची व्यवस्था, संपर्काचे क्रमांक हे सगळं जाड स्लॅबमध्ये लावलेले फलक आपण रोज पाहतो आणि रोज न वाचता पुढे जातो. सगळीच अक्षरं ठळक केली की ठळक काहीच राहत नाही. शोकसभेच्या पत्रकालाही हे अक्षर लावू नका. तिथे कुणी मोठ्यानं बोलत नसतं.

इथवर सगळं रोमन अक्षराचं झालं. खरी परीक्षा देवनागरीत होते, कारण देवनागरीला टाच नसते. आपलं अक्षर पायावर उभं राहत नाही, ते शिरोरेषेला टांगलेलं असतं. 'पाय मोडका' हा शब्द आपण वापरतो, पण तो व्यंजनातला स्वर काढून टाकण्यासाठी. इंग्रजी स्लॅबशी जुळावं म्हणून काही जण काना, ग, र यांच्या तळाला चौकोनी ठोकळे चिकटवतात. पाहताना नवल वाटतं, वाचताना अडखळायला होतं. 'रा'च्या कान्याला टाच लागली की तो काना आहे की आणखी काही, असा अर्धा क्षण डोळा थांबतो. चालत्या माणसाकडे तो अर्धा क्षण नसतो.

मग देवनागरीत स्लॅबचं बळ आणायचं कुठून? डोक्यातून. याचा दाखला फार लांब नाही. तापी उतरून दक्षिणेला आलं की अजिंठा. तिथल्या १६ व्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. त्यातली ब्राह्मी अक्षरं पेटिकाशीर्षक, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी. विदर्भातले वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट याच वळणाचे आहेत. पेटी कुठे पोकळ, कुठे भरीव. लंडनच्या फिगिन्सच्या तेराशे वर्षं आधी आपल्या मुलखात अक्षरांना ठोकळे होते, पण ते पायाशी नव्हते, माथ्यावर होते. माझं सगळं म्हणणं यात आलं. देवनागरी दमदार करायची असेल तर वजन शिरोरेषेला आणि कान्याला द्या, तळ मोकळा ठेवा.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची आणि नियतकालिकांची नावं आयुष्यभर रेखाटली. त्यांचं काम बारकाईनं पाहिलं तर हे कळतं. अक्षराला त्यांनी नाना सोंगं दिली, पण अक्षर वाचता येईल तेवढं अंतर राखूनच. हाताशी असा रेखाटणारा नसेल तर तयार फाँटवर भागवावं लागतं, आणि त्यात गैर काही नाही. मोफत आणि खुल्या परवान्याचे दोन फाँट या कामाला सोईचे आहेत. 'कडवा' हा सोल मातास यांनी केला. त्यातली रोमन अक्षरं त्यांच्याच 'बिटर' या स्लॅबवर बेतलेली आहेत. बिटर म्हणजे कडू, म्हणून नाव कडवा. दुसरा इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कर्मा'. त्याची रोमन बाजू स्लॅबची आहे आणि देवनागरीला ठोकळे न लावता दोघांचं वजन जुळवलेलं आहे. दोन्ही अतिजाड नाहीत, त्यामुळे मोठ्या आकारात ठळक वजनच घ्या. आणखी भरीव हवं असेल तर वैभव सिंह यांच्या 'एक्झार'चं सगळ्यात जाड वजन पाहा. ते शुद्ध स्लॅब नाही, पण त्याच्या कडांना धार आहे. 'बालू' आणि 'मोदक' जाड आहेत खरे, पण गोल आणि लाडिक आहेत. लहान मुलांच्या शिबिराला ते छान दिसतील. गडाच्या फलकावर 'मोदक' लावून आणलेला एक नमुना मी पाहिला आहे. किल्ला फराळाच्या ताटातला वाटत होता.

आता असीरगड आणि बुऱ्हाणपूर या दोन शब्दांकडे या. अक्षरं मांडणाऱ्यानं आधी फाँट उघडू नये, शब्द कागदावर लिहून त्यातले वर-खाली जाणारे भाग पाहावेत. 'असीरगड'मध्ये शिरोरेषेच्या वर जाणारी एक दीर्घ वेलांटी आहे आणि तळाखाली काहीच नाही. 'बुऱ्हाणपूर'मध्ये तळाखाली दोन उकार आहेत आणि शिरोरेषेच्या वर काहीच नाही. म्हणजे वर असीरगड आणि खाली बुऱ्हाणपूर अशा दोन ओळी लावल्या तर मधली जागा संपूर्ण मोकळी राहते. ओळी एकमेकींना हव्या तितक्या जवळ आणता येतात आणि शब्दांचा एकसंध, तटबंदीसारखा ठोकळा तयार होतो. डोंगरावर गड, पायथ्याच्या मुलखात शहर. नकाशातली मांडणी अक्षरांत आयती मिळते. उलट्या क्रमानं लावलं तर बुऱ्हाणपूरचे उकार असीरगडाच्या वेलांटीवर आदळतात आणि ओळी फाकवाव्या लागतात. हे ध्यानात आलं तेव्हा फाँट निवडण्याआधीच माझा फलक अर्धा झाला होता.

आणि इथेच ती चूक झाली. 'ऱ्ह'मधला अर्धा र आपण पापणीसारख्या आडव्या रेघेनं लिहितो. तऱ्हा, वऱ्हाड, कऱ्हाड, बुऱ्हाणपूर यांत तो येतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. तिथे शहराचं नाव 'बुरहानपुर' असं सुटं लिहितात. मजकूर मला जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये फिरवून आला होता, आणि फिरवताना पापणीचा रफार झाला. 'बुर्हाणपूर'. पडद्यावर मी नजर टाकली, पुढे गेलो. छापून आलेल्या कापडी पट्ट्यावर रफार वरच्या ओळीच्या 'ग'ला खालून टोचत होता, तेव्हा दिसलं. मोकळी म्हणून जवळ आणलेली जागा चुकीच्या रफारानं खाल्ली होती. पट्टा माझ्या खर्चानं पुन्हा छापला. तुम्ही ही रक्कम वाचवा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की 'ऱ' येतो. मग हलन्त, मग ह. फाँट ठरवण्यापूर्वी त्यात 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' टाइप करून पाहा. कित्येक शोभेच्या फाँटांत ही पापणी नसतेच किंवा ती वेगळी तुटून पडते. असा फाँट कितीही देखणा असो, मराठीच्या कामाचा नाही.

'किल्ले' या शब्दाचंही असंच. शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे. पुष्कळ फाँट हिंदीचा दंडयुक्त ल दाखवतात. फाँटमध्ये मराठी रूपं असली तरी ती मजकुराची भाषा मराठी ठेवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. प्रोग्रॅममध्ये भाषेची खूण बदलून पाहा, ल आपोआप बदलला तर फाँट शहाणा आहे. इंडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर 'कि'ची वेलांटी भलत्याच जागी जाते. अशा फायली छापून निघालेल्याही मी पाहिल्या आहेत.

तिकडच्या पाट्यांवर गडाचं नाव हिंदीत 'असीरगढ़' असं असतं. फलक बुऱ्हाणपुरात लावायचा असेल आणि हिंदी नाव घ्यायचं असेल तर 'ढ़'खालचा नुक्ता विसरू नका, आणि तो आला की वरची सगळी मांडणी बदलते हेही. नुक्ता तळाखाली जातो, जाड फाँटमध्ये तो ढच्या शेपटीला चिकटून ठिपक्याचा फुगा होतो. तिथे दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते. एकाच फलकावर 'गड' आणि 'गढ़' दोन्ही घालू नका. वाचणारा अर्थ सोडून शुद्धलेखन तपासत बसतो.

जाड अक्षराचं दुसरं दुखणं म्हणजे पोटातली जागा. रेषा फुगली की अक्षराच्या आतली पांढरी जागा आकसते, आणि देवनागरीत ओळख पुष्कळदा त्या जागेवरच असते. ब आणि व यांत फरक एका तिरक्या रेघेचा, ष आणि प यांतही तेवढाच. घ-ध, भ-म यांच्यात फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा. अतिजाड वजनात ही फट बुजली की भात मात होतो. 'ख' तर मुळातच 'रव' वाचला जायला टपलेला असतो. म्हणून नाव जाड फाँटमध्ये लावल्यावर बोटाच्या पेराएवढं लहान छापा आणि ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा माणसाला वाचायला द्या. त्यानं अडखळल्याशिवाय वाचलं तर वजन बरोबर आहे. अडखळला तर एक पायरी हलकं वजन घ्या, आकार वाढवा.

प्रोग्रॅममधलं 'बी'चं बटण दाबून जाडी आणू नका. फाँटचं स्वतःचं ठळक वजन नसेल तर ते बटण रेषेला बाहेरून नुसती सूज आणतं. अक्षर आडवं ताणणं त्याहून वाईट. ताणलं की कान्याची जाडी वाढते आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. स्लॅबचा सगळा डौल उभ्या-आडव्या रेषा तोलून धरण्यात असतो, तो एका झटक्यात जातो. रुंदी कमी पडत असेल तर शब्द कमी करा.

इंग्रजी नाव खाली घ्यायचं तर ते देवनागरीचा आरसा करायला जाऊ नका, वजन जुळवा. मी असं करतो : देवनागरीतल्या कान्याची जाडी मोजतो आणि इंग्रजी अक्षराचा दांडा तेवढाच किंवा किंचित बारीक ठेवतो. उंची मात्र निम्म्याच्या आसपास, कारण नाव सांगण्याचं काम वरच्या ओळीनं आधीच केलेलं असतं. मोठ्या इंग्रजी अक्षरांत असीरगडाचं नाव लावलं की 'ए'च्या रुंद टाचा शेजारच्या 'आर'च्या पायात अडकतात आणि शेवटच्या 'एच'चे पाय एकमेकांना भिडायला येतात. अक्षरांमधलं अंतर आपोआप सोडू नका, ती जोडी हातानं सरकवा. 'आय' मात्र या जातीत फार उपयोगी पडतो. साध्या फाँटमध्ये तो काठीसारखा हरवतो, इथे गर्डरसारखा उभा राहतो.

दोन लिप्या शेजारी कशा नांदवायच्या, याचा चांगला नमुना बुऱ्हाणपुरातच आहे. तिथल्या जामा मशिदीत फारुकी राजा आदिलशाह याचा १५९० सालचा लेख अरबीत आहे आणि संस्कृतातही. अरबी अक्षर आपल्या लयीत वाहतं, नागरी आपल्या शिरोरेषेला धरून राहते. कुणी कुणाचा पोशाख घातलेला नाही, तरी दोन्ही एकाच इमारतीची वाटतात. सहलीला गेलात तर गडावरून उतरल्यावर तासभर त्या मशिदीसाठी ठेवा. द्विभाषिक पाटी करणाऱ्यानं तर पाहायलाच हवी.

अक्षर किती मोठं घ्यावं, यासाठी पाटी रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे : दहा फुटांना एक इंच. साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजा. वेलांट्या आणि उकार धरून मोजलीत तर मूळ अक्षर लहान पडेल. जाड वजनात 'असीरगड' सहा इंच उंच लावलं तर रुंदी अडीच-तीन फूट जाते. त्याच रुंदीत 'बुऱ्हाणपूर' बसवलं की ते आपसूक थोडं लहान होतं. गड मोठा, शहर त्याखालोखाल, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही.

छपाईत प्रत्येक वस्तूची आपली खोड असते. टी-शर्टवर जाळीनं छापताना शाई पसरते आणि अक्षराच्या पोटातली बारीक फट बुजते. त्यासाठी फाँट एक पायरी हलका घ्यावा. फ्लेक्सवर कडा मऊ दिसतात, पण मोठ्या आकारात स्लॅब ते निभावून नेतो, कारण त्याच्या अंगावर नाजूक काही नसतंच. पत्रा कापून किंवा लेझरनं नाव करवत असाल तर 'बुऱ्हाणपूर'मधल्या ब आणि प यांची पोटं कापल्याबरोबर गळून पडतात. ती धरून ठेवायला मध्ये छोटे पूल सोडावे लागतात, आणि पूल कुठे येणार ते तुम्ही ठरवा, यंत्रावरच्या माणसावर सोडू नका. 'असीरगड'मध्येही स आणि वेलांटी यांच्या पोटांशी हीच अडचण येते. रंग दोनच पुरेत. काळ्या पत्थराचा गड म्हणून काळ्यावर तपकिरी अक्षर करण्याचा मोह होतो, पण जाड अक्षरालाही पार्श्वभूमीपासून सुटून दिसावं लागतं. सावली, चमक, सोनेरी कडा यांतलं काहीही स्लॅबला लावू नका. पहिलवानाला पैंजण घातल्यासारखं होतं.

फलक गडावर नेणार असाल तर तो हातात धरा, फोटो काढा, परत आणा. असीरगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे आणि संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवली किंवा ते विद्रूप केलं तर कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चढताना खडकावर कोरलेले मुघल काळातले फारसी लेख दिसतील. त्यांच्या शेजारी खडूनं, कोळशानं लिहिलेली आणि खिळ्यानं कोरलेली नावंही दिसतील. खिळा ठोकून फलक बांधणं याच वर्गात मोडतं.

फाइल छपाईला देण्याआधी अक्षरं आउटलाइनमध्ये बदला, म्हणजे छापणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला तरी बिघडत नाही. पण बदलण्यापूर्वी मूळ फाइल जपून ठेवा, नंतर तारीख सुधारता येत नाही. मग नाव एका कागदावर काळ्या शाईत छापा, भिंतीला चिकटवा, वीस पावलं मागे जा आणि वाचा. 'ऱ्ह'ची पापणी तिथूनही दिसली तरच फाइल पाठवा.